टाकीचं झाकण

समोर असली की लोक तिला ताई म्हणत, आणि पाठ फिरली की गटारताई. हे तिला माहीत होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस धुमसत होती, मग म्हणाली, मरू दे, नाव ठेवायला तरी लोक एकत्र येतात.

खरं तर ती शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, कपडे बेतायला एक लांब टेबल, आणि दाराशी आरसा. तिच्या दुकानासमोरून पूर्वी उघडं गटार वाहायचं. नवे कपडे घालून बघायला आलेल्या बायका नाकाला रुमाल लावून आरशासमोर उभ्या राहायच्या. त्या त्राग्यात ती एकदा गावच्या बैठकीला गेली आणि जरा जास्तच बोलली. जो जास्त बोलतो त्याच्या गळ्यात काम पडतं, तसं सांडपाणी समितीचं काम तिच्या गळ्यात पडलं, आणि ते काढून घ्यायला मग कुणी पुढे आलंच नाही.

काम मात्र तिने मनापासून केलं. जिल्ह्याच्या इंजिनिअर बाईंना चार वेळा बोलावून आणलं. मोठ्या शहरातलं यंत्रांचं केंद्र आपल्या मूठभर घरांच्या गावाला परवडणारं नाही, चालवायलाही माणूस नाही, म्हणून बाईंनी साधीच व्यवस्था सुचवली. वरच्या आळीला जमिनीखाली एक टाकी, खालच्या आळीला एक. घराघरातलं पाणी आधी टाकीत जायचं, गाळ तळाशी बसायचा, आणि वरचं गढूळ पाणी पाइपातून गावाच्या शेवटी खडीने भरलेल्या मोठ्या वाफ्यात उतरायचं. त्या वाफ्यात पाणकणसं लावलेली. त्यांच्या मुळांशी, खडीच्या अंगाला चिकटून डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, आणि पाण्यातली उरलेली घाण तेच खाऊन टाकतात. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी ओढ्याला मिळायचं ते चांगलं निवळून.

सुरुवातीची काही वर्षं सगळं छान चाललं. ताई संध्याकाळी दुकान बंद करून वाफ्यावर चक्कर मारायची, वाळकी पानं कापायची, पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढायची. ओढ्यात पुन्हा बेडूक ओरडू लागले तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने ते वरच्या आळीत राहणाऱ्या दादाला मुद्दाम जाऊन सांगितलं. दादा तिचा थोरला भाऊ. तो म्हणाला, "बेडूक ओरडतात म्हणून मला उठवलंस?"

यंदा मात्र वाफ्याने दगा दिला. आधी कडेची पाणकणसं पिवळी पडली. मग पाणी खडीतून खाली जायचं सोडून वरच साचू लागलं, काळंकुट्ट, वर साय धरल्यासारखा तवंग. आणि वास तर असा, की वारा गावाकडे वळला की लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि ताईच्या नावाने बोटं मोडायचे.

"तुमच्या झाडांनीच घाण केली," किराणा दुकानदार तिला भर रस्त्यात म्हणाला. "पूर्वी गटार होतं ते बरं होतं. निदान वाहत तरी होतं."

"झाडांनी नाही केली. झाडं मरतायत, दिसत नाही का?"

"तेच म्हणतो मी. मेलेल्या झाडांचा वास."

असल्या माणसाशी काय बोलणार? ताईने इंजिनिअर बाईंना फोन केला.

बाई आल्या, हातमोजे चढवले, वाफ्याच्या तोंडाशी वाकल्या आणि खडी उकरून मूठभर वर काढली. खडी कसली, काळ्या लोण्यात घोळलेले दगड. "ताई, हा टाकीतला गाळ आहे," त्या म्हणाल्या. "टाकी काठोकाठ भरली की गाळ पाण्याबरोबर इकडे वाहत येतो. खडीच्या फटी बुजतात, आत हवा जात नाही, आणि काम करणारे जीव गुदमरून मरतात. वाफ्याचा काही दोष नाही. टाक्या कधी उपसल्या होत्या?"

"खालच्या आळीची मागच्याच वर्षी."

"आणि वरच्या आळीची?"

वरच्या आळीची टाकी दादाच्या अंगणात होती, आणि तिने विचारलं की दादा म्हणायचा, "बघू, पाहुणे येऊन जाऊ देत." मग म्हणायचा, "बघू, तुझ्या वहिनीला बरं वाटू दे." बघू बघू करत टाकी एकदाही उपसली गेली नव्हती. थोरला भाऊ, त्यात आजारी वहिनी, म्हणून ताईनेही फार रेटलं नव्हतं.

"या आठवड्यात उपसायची," ती म्हणाली.

टँकर आला. टँकरवाला मोठा बोलका माणूस, जाड नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "हं, झाकण दाखवा."

दादा आयुष्यभर लोकांच्या घरात फरशा बसवत आलेला. त्याचं स्वतःचं अंगण आरशासारखं. त्याने अंगणभर नजर फिरवली, हनुवटी खाजवली आणि कुंपणाकडे बोट केलं. "तिथे असावं. त्या कोपऱ्यात."

"असावं म्हणजे?" ताईने विचारलं. "तुझ्या अंगणातली टाकी, तुला माहीत नाही?"

"टाकी बांधली तेव्हा मी बाहेरगावी कामावर होतो. मध्ये खडक लागला म्हणून त्यांनी जागा हलवली. मला कुठे विचारून हलवली?"

एवढं खरं होतं. खडक लागल्यामुळे टाकी नकाशातल्या जागेवर नव्हती, हे बाईंनाही ठाऊक होतं, पण नवी जागा कुणी टिपून ठेवली नव्हती. मग खणायला सुरुवात झाली. कोपऱ्यात काही सापडलं नाही. दादा म्हणाला, कुंपणापलीकडे असेल. पलीकडे किराणा दुकानदाराचा भाजीचा वाफा. त्याने आधी आरडाओरडा केला, मग स्वतःच उभा राहून खड्डा कसा खणावा यावर भाषण दिलं. निघालं काय, तर एक गंजलेली बादली. तिसरा खड्डा रस्त्याच्या कडेला झाला. ऊन चढलं, टँकरवाल्याने नळी गुंडाळली आणि म्हणाला, "ताई, झाकण सापडलं की बोलवा. मी काय, पाताळातनं उपसू?"

सगळे गेल्यावर ताई पायरीवर बसून राहिली. हात चिखलाने भरलेले, डोकं भणभणत होतं. आपल्याच भावाने आपल्याला खुळ्यासारखं नाचवलं, असं तिला वाटत होतं, पण तो असं का करेल ते कळत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं खरं.

ती वहिनींना बघायला आत गेली. वहिनींना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. डावा पाय आणि हात लुळा पडला, जिना चढणं सुटलं. तेव्हा दादाने घराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावरच त्यांच्यासाठी एक खोली बांधली. भिंती, छप्पर, खिडकी, सगळं स्वतःच्या हाताने. फरशी तर अशी बसवली होती की दोन तुकड्यांमधली रेघ शोधावी लागे. भिंतीला धरायला दांडा, पलंग खिडकीशी. येणारा जाणारा बघून म्हणायचा, नवरा असावा तर असा.

आज खिडकी सताड उघडी होती आणि खोलीत अत्तराचा घमघमाट.

"वन्सं, जरा लांबच बसा हं," वहिनी म्हणाल्या.

"का हो?"

"नाही, तुमचे कपडे खराब व्हायचे."

"माझे कपडे? हे बघा माझे कपडे!" ताईने चिखलाने माखलेला पदर दाखवला, पण वहिनी हसल्या नाहीत. एरवी खळखळून हसणारी बाई. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि विचारलं, "बाहेर कसली खणाखणी चालली होती?" ताईने सांगितलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "यांनी मला काही सांगितलं नाही." ताईला वाटलं, पडून पडून कंटाळल्यात. ती थोडा वेळ बसली आणि निघून आली.

त्या आठवड्याच्या बैठकीत लोकांनी तिला अगदी धारेवर धरलं. किराणा दुकानदाराने तोडगाही काढून आणला होता. वाफा बुजवून टाकायचा, पाइप लांबवायचा आणि सरळ ओढ्यात सोडायचा.

"आणि ओढ्याच्या खालच्या गावांनी काय करायचं?" ताईने विचारलं.

"ती त्यांची समिती बघेल."

लोक हसले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. इतकी वर्षं आपण कुणाच्या घाणीत हात घालत होतो? यांच्याच ना? आणि यांना त्याचं सोयरसुतक नाही. दादा मागच्या रांगेत बसला होता. तो हसला नव्हता, पण बोललाही नव्हता. बहिणीला गाव फाडून खातंय आणि हा आपला मूग गिळून बसलाय. ती उठून म्हणाली, "मला एक दिवस द्या. टँकर पुन्हा येईल. झाकण नाही सापडलं तर करा तुम्हाला काय करायचं ते."

या वेळी इंजिनिअर बाई स्वतः आल्या. त्या म्हणाल्या, आता खणायचं नाही. टाकीतून निघणारा पाइप कुठे जातो ते माहीत आहे, कारण आळीच्या तोंडाशी त्याची तपासणीची विहीर आहे, म्हणजे पाइपात डोकावायला ठेवलेला झाकणाचा खड्डा. तिथून पाइपात लवचिक सळी उलटी घालायची, ती टाकीच्या भिंतीला लागेपर्यंत ढकलायची, आणि वर जमिनीवर कान लावून आवाज कुठून येतो ते ऐकायचं.

टँकरवाल्याने सळी घालायला सुरुवात केली. एकेक तुकडा जोडत तो ढकलत होता. दादा अंगणात उभा होता, हात मागे बांधून.

"राहू दे आता," तो ताईला म्हणाला. "तुझ्या वहिनीला त्रास होतो आवाजाचा."

"कसला आवाज? अजून तर काही झालंच नाही."

तेवढ्यात सळी कशाला तरी अडली. टँकरवाल्याने ती मागे घेतली आणि जोरात ठोकली. अंगणात काही ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा ठोकली. ठक्, ठक्, ठक्.

आणि मागच्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "अहो! अहो, माझ्या पलंगाखालून कुणीतरी ठोकतंय!"

ताई दादाकडे वळली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

दादा मागच्या खोलीकडे निघाला, तशी ती आडवी आली.

"दादा, तुला माहीत होतं! तू आम्हाला त्या वाण्याचा वाफा खणायला लावलास! गाव मला शिव्या घालतंय, तू समोर बसून ऐकत होतास!"

"मग काय करू?" दादा एकदम उसळला. "ती दवाखान्यातून येणार होती. मला चार दिवसांत खोली उभी करायची होती. जागा तेवढीच होती. झाकणासाठी चौकट ठेवणार होतो, नाही जमलं, फरशी घातली. आणि तूच सांगितलं होतंस ना गावाला, झाडं सगळी घाण खाऊन टाकतात म्हणून? सगळी म्हणाली होतीस! मला वाटलं, खातील."

ताई तसं म्हणाली होती. पहिल्या दिवशी भाषण करताना, आनंदाच्या भरात.

इंजिनिअर बाईंना मात्र भांडणात रस नव्हता. "खोलीत कुणी झोपतं का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. त्यांच्यामागे ताई, आणि तिच्यामागे दादा. बाई पलंगाशी वाकल्या, भिंतीच्या कडेला नाक नेलं आणि ताठ उभ्या राहिल्या. "यांना आत्ताच्या आत्ता इथून हलवा. टाकी भरून वायू फरशीच्या कडेने वर येतोय. यात माणूस झोपवायचा? यांना कधी वास आला नाही?"

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"यायचा," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले, येतोय."

"मग बोलली का नाहीस?" दादाने विचारलं.

"मला वाटलं, माझा येतो."

दादाला कळलं नाही. ताईलाही लगेच कळलं नाही.

"अंग चालत नाही, जिथल्या तिथे सगळं. मला वाटलं, मीच सडत चालले आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणून रोज दोनदा अंग पुसून मागायची. म्हणून अत्तर. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, तर मला वाटलं, माझं मन राखताय. एवढ्या मायेने खोली बांधलीत, आणि मी ती अशी घाण करते."

दादा पलंगाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. मग त्याने वहिनींना उचललं, लहान मुलाला उचलावं तसं, आणि बाहेर ओट्यावर आणून बसवलं. परत आत गेला. पलंग बाजूला सारल्याचा आवाज आला, आणि मग छिन्नी-हातोड्याचा.

टँकरवाला मदतीला धावला, तर दादा ओरडला, "कुणी यायचं नाही! मी घातलीय, मीच काढणार." बाईंनी सगळी दारं-खिडक्या उघडी ठेवायला लावली, आणि दर थोड्या वेळाने त्याला बाहेर बोलावून हवेत उभं करत राहिल्या. तो बाहेर यायचा, कुणाकडे न बघता उभा राहायचा, पुन्हा आत जायचा. ओट्यावर वहिनी रडत होत्या, आणि ताई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "तुमचा नव्हता हो वास," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आमचाच होता. सगळ्या आळीचा."

झाकण निघालं. आतला गाळ इतका घट्ट होता की आधी पाणी सोडून तो ढवळावा लागला. टँकर भरून गेला, रिकामा होऊन आला, पुन्हा भरून गेला.

आता सगळं मार्गी लागलं असं ताईला वाटलं, पण गाव म्हणजे गाव. बाईंनी सांगितलं, वाफ्याला विसावा द्या, आणि तोंडाकडची खडी काढून धुवून पुन्हा भरा. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरल्या दिवशी वाफ्यावर ताई, टँकरवाला आणि खालच्या आळीतल्या दोन बायका. बाकी कुणाची पाठ धरली होती, कुणाच्या घरी पाहुणे होते. काळी खडी फावड्याने उपसताना ताईने सगळ्या गावाचा मनसोक्त उद्धार केला. बरं वाटलं, पण खडी कमी झाली नाही. ते काम सुट्टीसुट्टीला करत कसंबसं संपलं.

वहिनी तिच्याकडे राहायला आल्या होत्या. पुढच्या खोलीत, मशिनांच्या शेजारी त्यांचा पलंग टाकला. चालत्या हाताने त्या बटणं लावून द्यायच्या आणि येणाऱ्या बायकांशी गप्पा मारायच्या. अत्तराची बाटली सुटली. दादा रोज यायचा. बायकोजवळ बसायचा, आणि बहिणीशी एक शब्द बोलायचा नाही. "तिला म्हणावं, चहात साखर कमी आहे," असं तो वहिनींना सांगायचा, ताई हातभर अंतरावर उभी असताना. "त्यांना म्हणावं, स्वतः घालून घ्या," ताई म्हणायची. वहिनी दोघांच्या मध्ये बटण लावत बसायच्या.

पाणकणसांना नवे कोंब फुटले. हळूहळू पलीकडच्या तोंडातून पडणारं पाणी करडं झालं, मग फिकट, मग एक दिवस स्वच्छ. ताईने ते काचेच्या बाटलीत भरलं आणि बैठकीत नेऊन टेबलावर ठेवलं. लोक रस्त्यावरच्या दिव्यांवरून भांडत होते. कुणीतरी बाटली बाजूला सरकवून तिथे कोपर टेकलं.

त्याच आठवड्यात तिला खबर लागली, की किराणा दुकानदार गोदामासाठी कट्टा बांधतोय, आणि तो नेमका तपासणीच्या विहिरीवर. तोच दुकानदार! ताईचा संताप मस्तकात गेला. हातातली कात्री टेबलावर आपटून ती तशीच निघाली. गळ्यात मोजायची टेप लटकत होती. दादा वहिनींजवळ बसला होता, तोही उठला आणि मागून चालू लागला.

"दोन हात अलीकडे घेतलात तर काय बिघडतं?" ताईने दुकानदाराला विचारलं.

"आणि नाही घेतला तर काय बिघडतं? टाकी आता उपसली ना? झालं की."

"दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते! कितीदा सांगू?"

"तेव्हा बघू."

"बघू म्हणू नकोस," मागून दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी म्हणत होतो, बघू. माझी बायको त्यावर झोपत होती. कट्टा अलीकडे घे. फरशी मी बसवून देतो, पण तिथे नाही."

दुकानदार बराच वेळ हुज्जत घालत राहिला. जागा त्याची, सिमेंट त्याचं, गावाला काय पंचाईत. शेवटी त्याने फळ्या उखडल्या, तोंडाने पुटपुटत, आणि जेमतेम विहिरीचं तोंड मोकळं राहील एवढ्याच अलीकडे ठोकल्या. तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

परतताना दोघं शेजारी शेजारी चालत होते. ताई अजून रागाने फणफणत होती. हे असंच चालणार, एकाला समजावलं की दुसरा, आणि दुसऱ्याला समजावेपर्यंत पहिला विसरणार.

"अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खोली काढतोय," दादा एकाएकी म्हणाला. "तिच्यासाठी. खिडक्या किती ठेवू?"

"मला काय विचारतोस? वहिनींना विचार."

"विचारलं. ती म्हणते, वन्संना विचारा."

ताईने गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली.

"तीन ठेव," ती म्हणाली. "आणि पाया घ्यायच्या आधी मला बोलव."